मधली फळी

आमच्या विजयध्वज फुटबॉल क्लबानं कोल्हापूरहून अच्युत साळोखेला कोच म्हणून आणलं, तेव्हा मला असिस्टंट होऊन अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत पाच कोच आले आणि गेले. दर वेळी जागा रिकामी झाली की क्लबचे अध्यक्ष जयसिंगराव मला बोलवायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "तेलंगजी, तुम्ही तर घरचेच आहात." मग महिन्याभरात बाहेरून कोणीतरी यायचं.

मी सुधाकर तेलंग. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात राजवाड्यामागच्या एका मराठी शाळेत पी.टी. शिकवतो. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत याच क्लबकडून डावीकडे बॅक खेळलो. क्लबची खोली कापडाच्या एका होलसेल दुकानाच्या वर आहे. तिथेच अच्युतनं पहिल्या दिवशी भिंतीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि मला त्याचा प्लॅन दाखवला. अडतीस वर्षांचा, अंगानं सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा माणूस.

"बॉल आपल्याकडनं गेला की सहा सेकंद," तो म्हणाला. "सहा सेकंदांत परत घ्यायचा. पुढचे तिघं त्यांना कोपऱ्यात कोंडतील आणि मधले तिघं मागनं चढत येतील. मागं पळायचं नाही, पुढंच पळायचं. मधली फळी पळाली की सगळी टीम पळते बघा."

कोल्हापुरात या पद्धतीनं त्यानं एका साध्या कॉलेजच्या टीमला दोन कप जिंकून दिले होते. तिथले व्हिडिओ त्यानं मला दाखवले. मधली तीन पोरं नव्वद मिनिटं नुसती सुटलेली. बघताना मलाच धाप लागली.

"आपल्याकडे मधले तिघं कोण, ते माहीत आहे ना, अच्युतजी?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा की."

मी सांगितलं. आमचा जो एक मिडफिल्डर असा पळू शकला असता, तो दिवाळीआधीच भोपाळच्या एका टीममध्ये पक्की नोकरी मिळाली म्हणून गेला होता. राहिले होते तिघं. पहिला शंतनु दिघे, तेहतीस वर्षांचा, आमचा कॅप्टन. दुसरा स्वानंद, सत्तावीसचा, अंगानं दणकट, समोरून आलेल्याला अडवायला एकदम पक्का, पण वळायला वेळ लागायचा. तिसरा ऋषभ. तो वीस वर्षांचा, खरगोनहून शहरातल्या भंवरकुआं भागात स्पर्धा परीक्षेच्या कोचिंगसाठी आलेला. पाय सुंदर, पण वजन पन्नास किलो. कोणी खांदा लावला की खाली.

शंतनुबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. तो शाळेत माझा विद्यार्थी होता. सातवीत होता तेव्हाच मला कळलं होतं की या मुलाला बॉल यायच्या आधी तो पुढे कुठे जायला हवा ते दिसतं. बाकीचे बॉलकडे बघायचे, हा रिकाम्या जागेकडे. तो पळत नसे. पळायची गरजच पडत नसे. मैदानाच्या मधे चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, आणि तिथून पन्नास-पन्नास यार्डांवर पास. आधीच्या सगळ्या कोचांनी त्याला बॅक लाइनच्या पुढे ठेवला आणि टीम त्याच्याभोवती उभी केली. आम्ही कधी कप जिंकला नाही, पण राज्य लीगच्या पहिल्या डिव्हिजनमधून खालीही गेलो नाही.

आणि खाली न जाण्याला मोल होतं. आम्हाला जर्सी देणारी पीथमपूरची एक औषध कंपनी टीममधल्या चौघांना कॉन्ट्रॅक्टवर कामाला ठेवायची. अट एकच, टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये राहिली पाहिजे आणि पोरगा मॅच खेळत राहिला पाहिजे. शंतनु आणि स्वानंद दोघंही त्या चौघांत होते. शंतनु तिथे स्टोअरमध्ये होता. सकाळी सातच्या बसनं जायचा, चारला सुटून थेट मैदानावर यायचा. घरी बायको स्मिता आणि चार वर्षांची मुलगी. स्मिता एका छोट्या शाळेत शिकवायची.

पहिल्या तीन मॅचमध्ये जे झालं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पहिली वीस मिनिटं आम्ही चढायचो, समोरची टीम गोंधळायची. मग त्यांच्यातला एखादा डोकं शांत ठेवून आमच्या मधल्या तिघांच्या डोक्यावरून बॉल टाकायचा, आणि मागे मोकळं रान. स्वानंद वळेपर्यंत त्यांचा माणूस पेनल्टी बॉक्समध्ये. ऋषभ जमिनीवर. शंतनु कमरेवर हात ठेवून, वाकून, श्वास घेत. साठाव्या मिनिटानंतर आमची टीम म्हणजे दोन तुकडे व्हायचे, पुढे तिघं आणि मागे चौघं. मधे कोणीच नाही. चार-शून्य, तीन-एक, तीन-शून्य.

तिसऱ्या मॅचनंतर मी अच्युतशी बोललो. हे मी खरंच केलं, आणि चांगल्या मनानं केलं. म्हटलं, "शंतनुला मागे घ्या. बॅक लाइनच्या पुढे नुसता उभा करा. त्याच्या शेजारी स्वानंद. तुमचं प्रेसिंग, ते चढून जाणं, पुढच्या तिघांपुरतं ठेवा."

त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "कोल्हापूरच्या आधी मी साताऱ्याकडं एका क्लबात होतो. चार मॅच हरलो, तर सिनियर पोरं आली, म्हणाली, सर, आम्हाला जमेल असं खेळवा. मी ऐकलं. प्लॅन सोडला. मग धड हेही नाही आणि तेही नाही. आठव्या मॅचनंतर मला काढलं. तेव्हापासनं मी ठरवलंय, अर्ध्यावर सोडायचं नाही. पोरं शिकतील. दोन महिने द्या त्यांना."

"शंतनु तेहतीसचा आहे. तो आता काय शिकणार?"

"तेलंग सर, हे तुमचं मत झालं. मतं माझ्याकडंही आहेत. कारण असेल तर सांगा. कुणाला काही दुखतंय, कुणाला काही झालंय, ठोस काहीतरी सांगा. त्या क्षणी बदलतो."

त्याचं हे वाक्य मला नीट आठवतं, कारण पुढे सगळं त्याच्यावरच येऊन थांबलं.

पुढच्या आठवड्यात जयसिंगरावांनी मला घरी बोलावलं. व्हरांड्यात उन्हात बसले होते. "तेलंगजी, हे काय चालू आहे? लोकं हसून राहिले आपल्यावर," ते म्हणाले. "मी अजून तीन मॅच बघतो. नाही जमलं तर साळोखेंना नमस्ते. आणि या वेळी मी बाहेर जाणार नाही. तुम्हीच सांभाळा."

"मी?"

"तुम्ही. आता और किती वाट बघणार तुम्ही?"

मी एकावन्न वर्षांचा होतो. घरी येताना मी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. माझ्या डोक्यात टीम तयार होती, वर्षानुवर्षं तयार होती. कोण कुठे, कोणाच्या पायातून बॉल कसा निघेल. त्या रात्री मी बायकोला काही सांगितलं नाही.

दोनच दिवसांनी, रविवारी सकाळी प्रॅक्टिस संपल्यावर शंतनु माझ्याजवळ थांबला. आमचं मैदान भंवरकुआंच्या पुढे आहे. बाहेर पोह्यांच्या ठेल्यावर कोचिंगच्या मुलांची गर्दी होती. आम्ही जरा बाजूला बसलो. त्यानं ट्रॅकपँट वर केली. उजवा गुडघा डाव्याच्या दीडपट होता. वाटी कुठे आहे ते दिसत नव्हतं.

"कधीपासून?"

"दुसऱ्या मॅचपासून. खेळताना चालतं, सर. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. स्टोअरमध्ये बसून बसून काढतो."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणाले, आतली गादी थोडी फाटली आहे. सरळ सरळ खेळलास तर सीझन निघेल. अचानक थांबणं, वळणं, झेप घेणं बंद." तो हसला. "म्हणजे साळोखे सरांचा पूर्ण गेम बंद."

"मग सांग त्यांना."

"मी सांगितलं तर ते मला बेंचवर बसवतील. कंपनीत दर महिन्याला कागद जातो सर, कोण किती खेळला त्याचा. तुम्ही सांगा. हळूच. की याला मागे खेळवा, याच्याकडून पळवून घेऊ नका. तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील. माणूस म्हणून ते वाईट नाहीत."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि त्या क्षणी मला सांगायचंच होतं. पोहे खाऊन होईपर्यंत सांगायचं होतं. हात धुताना पहिल्यांदा मनात आलं की हेच ते ठोस कारण, जे अच्युतनं मागितलं होतं. हे ऐकून तो खरंच बदलेल. शंतनु मागे जाईल, टीम सावरेल, एखादी मॅच जिंकेल. आणि जयसिंगरावांच्या तीन मॅच निघून जातील.

मी स्वतःला म्हटलं, उद्या सांगू. सोमवारी शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड होती. मंगळवारी अच्युत व्हिडिओ कापत बसला होता. बुधवारी प्रॅक्टिसनंतर तो माझ्या गाडीत बसला, मी त्याला रोज त्याच्या खोलीवर सोडायचो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं मला विचारलं, "शंतनु लंगडतोय काय?"

माझ्यासमोर दार उघडं होतं. त्यानंच उघडलं होतं.

"थंडी आहे," मी म्हणालो. "वयही आहे. गरम झाला की चालतो."

सिग्नल सुटला.

शनिवारी दुपारी तीनला ग्वाल्हेरच्या टीमशी आमच्याच मैदानावर मॅच होती. ड्रेसिंग रूममध्ये शंतनु गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता, आणि वर पँट ओढून ती झाकत होता. अच्युत बाहेर रेफ्रींशी बोलत होता. शंतनुनं मला खूण करून जवळ बोलावलं.

"सर, टीम शीटवर मी अजून पुढेच आहे. तुम्ही बोललात ना त्यांच्याशी?"

बाजूला ऋषभ बुटाच्या लेस बांधत होता. स्वानंद खांदे फिरवत होता. मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी बाहेर जाऊन दोन मिनिटांत अच्युतला सांगू शकलो असतो. शीट बदलायला वेळ होता.

"बोललो," मी म्हणालो. "ते म्हणाले, आजचा दिवस काढ. पुढच्या मॅचपासून बघू."

त्यानं मान हलवली. "ठीक आहे. आजचा काढतो."

हे मी का बोललो, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. पहिल्या खोट्यामागे निदान लालूच होती. दुसऱ्यामागे काही नव्हतं. फक्त त्याच्या तोंडावर लाज वाटू नये म्हणून मी ते बोललो.

मॅच आमच्यासाठी सुरुवातीला चांगली गेली. अकराव्या मिनिटाला अच्युतचा प्लॅन अगदी त्याच्या व्हिडिओसारखा उतरला. पुढच्या तिघांनी त्यांच्या बॅकला कोंडलं, त्यानं घाईत बॉल मधे दिला, ऋषभनं तो मधल्यामधे उचलला आणि शंतनुकडे सरकवला. शंतनुनं न बघता पुढे पास दिला. गोल. अच्युतनं मूठ वळली, खिशात घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "शिकतायत बघा."

आम्ही जिंकू की काय, अशी मला भीती वाटली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

हाफ टाइमनंतर त्यांनी बरोबरी केली. चौसष्टाव्या मिनिटाला बॉल आमच्याकडून गेला आणि अच्युत लाइनवरून ओरडला, "सहा!" ही त्याची हाक होती. ती ऐकली की मधल्या तिघांनी सुटायचं. शंतनु सुटला. मी त्याला एवढ्या वेगात पळताना शाळेनंतर पाहिलं नव्हतं. त्यांच्या खेळाडूनं बॉल आत घेतल्यासारखं केलं आणि बाहेरून काढला. शंतनुनं थांबून वळायचा प्रयत्न केला. वरचं शरीर वळलं. उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा तिथेच राहिला.

मी वीस फुटांवर होतो. आवाज ऐकू आला. तो ओरडला नाही. आधी बसला, मग आडवा झाला आणि डोळ्यांवर हात ठेवला. स्वानंद त्याच्याजवळ पोचला, त्यानं पायाकडे बघितलं आणि तोंड फिरवून मैदानावरच खाली बसला.

मॅच आम्ही तीन-एकनं हरलो. शेवटचे दोन गोल कसे झाले ते मी बघितलं नाही. मी शंतनुबरोबर हॉस्पिटलमध्ये होतो.

एमआरआय झाला. लिगामेंट पूर्ण तुटलं होतं, आतली गादी दोन ठिकाणी फाटली होती. डॉक्टरांनी स्मिताला समजावून सांगितलं की ऑपरेशननंतर चालता येईल, पायऱ्याही चढता येतील. खेळण्याबद्दल तिनं विचारलं नाही, म्हणून ते त्याविषयी बोलले नाहीत.

मॅच संपवून अच्युत तसाच ट्रॅकसूटमध्ये आला. कॉटजवळ उभा राहिला. शंतनुला इंजेक्शन दिलेलं होतं, पण तो शुद्धीवर होता.

"सर," शंतनु म्हणाला, "तुम्ही म्हणालात ना, आजचा दिवस काढ. मी पूर्ण ट्राय केला."

अच्युतनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत होतो. एवढा वेळ मी कधी कुठल्या वस्तूकडे बघितलं नसेल.

स्मिता पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती. तिनं शांतपणे विचारलं, "तुम्हाला यांच्या गुडघ्याचं माहीत होतं?"

अच्युत म्हणाला, "हो."

एवढंच. स्मितानं तोंड फिरवलं. त्यानंतर कित्येक महिने ती त्याच्याशी बोलली नाही.

परत जाताना तो माझ्या गाडीत बसला, रोजच्यासारखा. मी वाट बघत होतो की आता विचारेल, आता विचारेल. तो खिडकीबाहेर बघत राहिला. खोली आली तेव्हा उतरताना म्हणाला, "उद्याची प्रॅक्टिस तुम्ही घ्या, तेलंग सर." आणि दार हळूच लावून गेला.

जयसिंगरावांनी उरलेल्या मॅचची वाट बघितली नाही. चार दिवसांनी अच्युत गेला. शहरात बातमी पसरली होती की कोल्हापूरच्या कोचनं माहीत असून जखमी माणसाला पळवलं. त्यानं कुठेही काही खुलासा केला नाही. स्टेशनवर त्याला सोडायला मी गेलो नाही.

मी कोच झालो.

आता जे सांगतो आहे ते माझ्या बाबतीत सगळ्यात वाईट आहे असं नाही, पण सगळ्यात खरं आहे. पहिल्या संध्याकाळी मी क्लबच्या खोलीत बसून पांढऱ्या बोर्डावर माझी टीम मांडायला घेतली. बॅक चार. त्यांच्यापुढे एक माणूस, जो बॉल घेईल, मान वर करेल आणि सगळ्यांना जागेवर आणेल. बाकी सगळं त्याच्याभोवती. मी त्या माणसासाठी वर्तुळ काढलं आणि हात थांबला. माझ्या डोक्यातल्या प्रत्येक टीमच्या मधोमध शंतनु होता. तो नसेल तर काय करायचं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. माझ्या प्लॅनलाही लागणारी मधली फळी माझ्याकडे नव्हती.

त्या जागेवर मी स्वानंदला उभा केला. बॉल आला की तो घाबरून मागे द्यायचा. ऋषभला मागे घेतला, तर तो दर मॅचला मार खायचा. अच्युतच्या हाताखाली निदान तो पुढे पळायचा, एखाद वेळी बॉल चोरायचा. माझ्या हाताखाली तेही गेलं. एकदा प्रॅक्टिसनंतर त्यानं मला विचारलं, "सर, साळोखे सर वाला फिर से नहीं कर सकते? मेरे को वो समझ में आने लगा था."

"नाही," मी म्हणालो. मी का नाही म्हणालो ते त्याला सांगितलं नाही. खरं तर मलाच ते शिकवता येत नव्हतं.

उरलेल्या मॅचमध्ये आम्ही तीन ड्रॉ केल्या, बाकी हरलो. मार्चच्या शेवटी खाली गेलो. एप्रिलमध्ये कंपनीनं जर्सी काढून घेतली आणि चौघांची कॉन्ट्रॅक्टं पुढे केली नाहीत. शंतनुला तर त्याआधीच, ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी, घरी बसायला सांगितलं होतं. ऋषभनं बूट कोणालातरी देऊन टाकले आणि परीक्षेला बसला. जयसिंगराव मला म्हणाले, "होतं असं. पुढच्या वर्षी बघू."

मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, मी शंतनुच्या घरी गेलो. लोकमान्यनगरात दोन खोल्या आहेत त्यांच्या. दुपार होती. तो भिंतीला टेकून खाली बसला होता, पाय सरळ. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा दाबायचा व्यायाम करत होता. पायाची पोटरी वाळून हाताएवढी झाली होती. स्मिता आतल्या खोलीत मुलीला झोपवत होती.

मी बसलो आणि सांगितलं. पोह्यांच्या ठेल्यापासून सुरुवात केली. सिग्नलला अच्युतनं काय विचारलं ते सांगितलं. ड्रेसिंग रूममध्ये मी जे बोललो ते अच्युत कधीच म्हणाला नव्हता, हे सांगितलं. जयसिंगरावांच्या व्हरांड्यातलंही सांगितलं. शंतनु व्यायाम करत राहिला. दाबायचा, मोजायचा, सोडायचा. मी थांबलो तेव्हाही त्याचं मोजणं सुरू होतं.

स्मिता दारात केव्हा येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं.

"फोन लावा त्यांना," ती म्हणाली.

"कोणाला?"

"साळोखे सरांना. माझ्यासमोर लावा. मी त्या माणसाला पाच महिने शिव्या देत आहे."

मी फोन लावला आणि स्पीकर सुरू करून चटईवर ठेवला. अच्युतनं उचलला. मागे पोरांचा गोंगाट ऐकू येत होता. मी म्हटलं, शंतनुच्या घरी आहे, स्मिताही आहे, मी यांना सगळं सांगितलं आहे. गोंगाट कमी होत गेला, तो बहुतेक चालत बाजूला गेला असावा.

"सर, तुम्ही त्या दिवशी 'हो' का म्हणालात?" स्मितानं विचारलं.

"वहिनी, ते खोटं नव्हतं," अच्युत म्हणाला. "मला कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मी रोज व्हिडिओ बघत होतो. दुसऱ्या मॅचपासनं शंतनु उजव्या पायावर वळत नव्हता, ते मला दिसत होतं. मी तेलंग सरांना गाडीत विचारलं, कारण मला 'काही नाही' असंच उत्तर पाहिजे होतं. त्यांनी दिलं. मी पुन्हा विचारलं नाही. स्वतः जाऊन पट्टी सोडून गुडघा बघायला मला एक मिनिट लागलं असतं. मी तो बघितला नाही, कारण बघितला असता तर प्लॅन सोडावा लागला असता."

स्मिता दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

शंतनुनं टॉवेल बाजूला केला. "सर, आता कुठे आहात?" त्यानं विचारलं.

"कोल्हापुरात. शाळेच्या पोरांना शिकवतो. बारा-तेरा वर्षांची आहेत."

"मधे कोण खेळतात?"

"तिघं आहेत. एकच पळतो. एक जाडा आहे, पण पास चांगला देतो."

"त्याला पळवू नका."

"नाही पळवत," अच्युत म्हणाला. शंतनुनं हात लांबवून फोन बंद केला.

मी उठलो. मला वाटलं होतं, तो रागावेल, जा म्हणेल. तो जणू दमला होता. म्हणाला, "तेलंग सर, माझं तुटलं ते तुटलं. पण चार जणांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. स्वानंदला वाटतं की त्याच्यामुळे टीम खाली गेली. तो ते बोलत नाही, पण मला माहीत आहे. त्याला जाऊन सांगा. बाकी दोघांना पण."

"सांगतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. या शब्दाला आता त्याच्याकडे काही किंमत नव्हती, आणि ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आजच जातो," मी म्हणालो.

स्मिता मला सोडायला दारापर्यंत आली. "आमच्याकडे आता येऊ नका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "यांना कोणी जुनं भेटलं की रात्री झोप येत नाही."

मी तिथून राजवाड्याकडे गेलो. स्वानंद तिथे एका साडीच्या होलसेल दुकानात लागला आहे हे मला ठाऊक होतं. उन्हात रिक्षा आणि स्कुटरी एकमेकांत अडकल्या होत्या, म्हणून गाडी लांब लावून चालत गेलो. तो गादीवर उभा राहून गठ्ठे वर रचत होता. मला बघून हसला, खाली उतरला, पाण्याचा ग्लास दिला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, शंतनुला सांगितलं होतं तसंच, काही न गाळता. मधे दोनदा मालकानं त्याला हाक मारली.

माझं संपल्यावर त्यानं माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला.

"म्हणजे मी नव्हतो," तो म्हणाला.

"नाही. तू नव्हतास."

त्यानं मान हलवली. ग्लास खाली ठेवला. मग माझ्याकडे पाठ करून पुन्हा गादीवर चढला, आणि पुढचा गठ्ठा उचलला.